देवस्थळींचा वन्स मोर

भालचंद्र देवस्थळींना गाण्याला बरोबर नेणं म्हणजे लग्नाला वकील नेण्यासारखं. जेवेल पोटभर, पण लक्ष सगळं कुठे काय चुकतंय त्यावर. दिल्लीच्या द्वारकेतल्या त्यांच्या सोसायटीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे त्यांना कुणी नेत नसे. ते आपले आपणच जात. तिकीट काढून जात, पुढच्या ओळीत बसत आणि घरी येऊन बँडवाल्यांना शिव्या देत. शिव्या बँडवाल्यांना, पण ऐकायच्या वासंतीबाईंनी.

"अगं, तो गायक माईक आमच्याकडे करून ओरडतो, 'दिल्ली, आवाज़ नहीं आ रही!' अरे गाढवा, आवाज तू काढायचा! मी तिकीट काढलंय. घरी रिकामा बसलोय म्हणून आलेलो नाही."

वासंतीबाई मेथी निवडता निवडता "हं" म्हणत.

"आणि पहिल्या कडव्याच्या पुढे पब्लिकच गातंय. हा नुसता उड्या मारतोय. मग याला मानधन कसलं, व्यायामाचं? समोर हजार मोबाइल वर. एकाला गाणं दिसत असेल तर शपथ. सगळे आपापल्या हातातल्या डबीत बघतायत. तो गिटारवाला डोळे मिटून असा चेहरा करतो, की याला पोटात कळ आली का, कुणीतरी ओवा द्या रे! आणि शेवटी निघून गेल्यासारखं करून परत यायचं. ठरलेलं असतं गं ते! वायरीसुद्धा काढलेल्या नसतात. आपण आपलं बोंबलायचं आणि यांनी उपकार केल्यासारखं परत यायचं."

"मग जाता कशाला?" वासंतीबाई विचारत.

या प्रश्नाचं उत्तर देवस्थळींनी कधी दिलं नाही. कारण उत्तर साधं होतं आणि साध्या उत्तरांची त्यांना लाज वाटे. गाण्यावर त्यांचं प्रेम होतं. इतकं, की बेसूर गाणाऱ्याचा त्यांना खुनी माणसाचा यावा तसा राग येई. करोल बागेत लहानाचे मोठे झाले तेव्हापासूनचा हा आजार. वडील केंद्र सरकारात, बदलीवर आले ते दिल्लीचेच झाले. ते मुलाला तिथल्या मराठी मंडळातल्या नाट्यगीतांना नेत. कॉलेजात गेल्यावर मुलाला थंडीतल्या जलशांमधल्या इलेक्ट्रिक गिटारींचं वेड लागलं. अंगावर घोंगडी घेऊन, उघड्या मैदानात, वादकांनी अर्धा-अर्धा तास तारा जुळवायच्या आणि तेही ऐकायचं. एका कानात नाट्यपद आणि दुसऱ्या कानात ड्रम, असा तो कान तयार झाला. "देवस्थळीचा कान चुकत नाही," असं मंडळात म्हणत. हे वाक्य पहिल्यांदा कोण म्हणालं ते कुणाला आठवत नाही. बहुधा देवस्थळीच म्हणाले असावेत.

त्या कानाचं हत्यार म्हणजे वन्स मोर.

जुन्या नाटकांत पद रंगलं की प्रेक्षक वन्स मोर ओरडत. नट त्या प्रवेशात मरून पडलेला असला तरी उठून बसे, पद पुन्हा म्हणे आणि परत मरे. दिल्लीच्या मराठी माणसांनी ही सवय इथपर्यंत जपून आणली होती. देवस्थळींनी मात्र तिच्यात आपलं एक शास्त्र घुसवलं. त्यांचं म्हणणं असं, की जिवंत माणूस एकच गाणं दोनदा सारखं गाऊच शकत नाही. कुठे श्वास आधी घेईल, कुठे एक हरकत जास्त घेईल, कुठे जरा घसरेल. यंत्राला हे जमत नाही. तेव्हा गाणाऱ्याचा संशय आला की दाद द्यायची. मनापासून दिल्यासारखी, खणखणीत. मग बघायचं.

एका गणेशोत्सवात बाहेरगावचा एक ऑर्केस्ट्रा आला होता. झगमगता कोट घातलेला गायक फार म्हणजे फारच सुरेल गात होता. देवस्थळी तिसऱ्या ओळीतून उठले, "व्वा! वन्स मोर!" मंडळातल्यांनी री ओढली. गायक हात जोडतोय, छातीवर हात ठेवतोय, पण गात काही नाही. तेवढ्यात मागच्या यंत्राने आपल्या क्रमाने पुढचं गाणं सुरू केलं, गायकाच्या आवाजात. आणि गायक अजून नमस्कारच करत होता! मंडप हसून हसून लोळला. गायक त्या रात्री न जेवता गेला, असं म्हणतात.

हा किस्सा देवस्थळींनी किती वेळा सांगितला असेल याला गणती नाही. बारशाला सांगितला, साठीशांतीला सांगितला. त्यांची मुलगी उल्का तेव्हा शाळेत होती आणि वडिलांच्या शेजारीच बसली होती. पुढे ती हा किस्सा ऐकताना ताटातलं संपवून लवकर उठायला लागली, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

उल्काचा गळा गोड होता. गोड हा शब्द देवस्थळींनी कधी वापरला नाही. ते म्हणत, "निषाद उतरलाय." ती मंडळात बक्षीस घेऊन आली की म्हणत, "परीक्षक कोण होते? अच्छा. मग बरोबर आहे." पोरीनं शिकावं, पुढं जावं म्हणून ते असं बोलत, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटे. पण प्रामाणिकपणे घातलेला दगडही लागायचा तिथे लागतोच की! पोरीनं गाणं सोडलं नाही, वडिलांसमोर गाणं तेवढं सोडलं.

गुरुग्रामला एका कंपनीत चांगली नोकरी होती तिला. ती सोडून दोन वर्षांपूर्वी तिनं चार जणांबरोबर बँड काढला. बँडचं नाव ठेवलं 'कच्ची कॉलनी'. देवस्थळींचा भडका उडाला. सगळी नोकरी मंत्रालयात बेकायदा वसाहतींच्या, म्हणजे दिल्लीच्या भाषेत कच्च्या कॉलन्यांच्या, फायली हलवण्यात गेली होती त्यांची.

"तीस वर्षं मी कच्च्या कॉलन्या पाहिल्या," ते म्हणाले, "आता घरात एक निघाली. नियमित कधी होणार ही? का निवडणुकीची वाट बघायची?"

तरी पहिल्या कार्यक्रमाला गेले. एका कॅफेत होता. वीस-पंचवीस माणसं, त्यातली निम्मी मित्रमंडळी. तिसऱ्या गाण्याला देवस्थळी उठले आणि खुर्ची सरकवत निघून गेले. खुर्ची लोखंडी होती, फरशीवर खरडली. उल्का गात होती, ती थांबली नाही. पण त्यानंतर ती गुरुग्रामला मैत्रिणीबरोबर राहायला गेली, आणि फोन आईला करायला लागली.

आता गोष्ट अशी, की दिवाळी झाल्यावर एके दिवशी तिनं फोन केला तो आईला नव्हे. देवस्थळींनी स्क्रीनवर नाव पाहिलं आणि क्षणभर वाटलं, आईचा नंबर समजून लावला असेल.

"बाबा, मी बोलतेय."

"हां, बोल."

"रविवारी कार्यक्रम आहे आमचा. गुरुग्राममध्येच, मॉलच्या चौकात. एका मोठ्या हॉटेल कंपनीचा माणूस ऐकायला येतोय. त्याला आवडलं तर वर्षभर काम आहे, सगळ्या शहरांत. नाही आवडलं तर..." ती खोकली. "तर मी पुन्हा ऑफिस जॉइन करणार. ठरवलंय मी. किती दिवस ओढायचं असं? आई मंडळातल्या लोकांना आणतेय, गर्दी दिसायला हवी म्हणून. तुम्ही पण या."

देवस्थळींनी फोन दुसऱ्या कानाला लावला. ते म्हणाले, "खोकला आहे तुला."

"हवा बघा ना बाहेर. सगळ्यांनाच आहे. बाबा, या. पण एक कबूल करा."

"काय?"

"वन्स मोर नाही. काहीही झालं तरी नाही. तोंडच उघडायचं नाही. मला माहितीय तुम्ही काय कराल, म्हणून आधीच सांगतेय. माझं सगळं त्यावर आहे."

राग यायला हवा होता. आला नाही. दोन वर्षांनी पोर आपणहून बोलत होती. "तोंड उघडणार नाही," देवस्थळी म्हणाले. "गणपतीची शपथ. ज्येष्ठमध चघळ. आणि थंड पाणी पिऊ नकोस."

फोन ठेवल्यावर त्यांनी वासंतीबाईंना हाक मारून सांगितलं, "उल्कानं बोलावलंय. मला." शेवटचा शब्द जरा मोठ्यानं सांगितला.

रविवारी दिल्लीची हवा राखाडी झाली होती. पाच वाजता संध्याकाळ नव्हती, पण ऊनही नव्हतं. मॉलच्या चौकात प्लास्टिकचं हिरवं गवत अंथरलेलं, त्यावर खुर्च्या, आणि समोर मंच. मंडळातल्या माणसांनी दोन ओळी भरून टाकल्या होत्या. मफलर, शाली, कानटोप्या, तोंडाला मास्क. डबे आणले नव्हते, एवढंच काय ते नवल. देवस्थळींच्या मागे बळवंतराव चिटणीस बसले. हे त्यांचे करोल बागेपासूनचे मित्र, आणि तो ऑर्केस्ट्राचा किस्सा देवस्थळींच्या खालोखाल सांगणारे.

"काय भालचंद्रराव, आज कुणाचा नंबर?" त्यांनी पाठीत बोट टोचून विचारलं.

"चूप बसा हो," वासंतीबाई म्हणाल्या आणि त्यांनी नवऱ्याचा हात हातात घेतला. प्रेमानं नव्हे. रस्ता ओलांडताना पोराचा धरतात तसा.

पुढच्या सोफ्यावर हॉटेलवाला बसला होता. निळा कोट, बरोबर दोन माणसं. देवस्थळींनी त्याचं मस्तक मागून बघितलं आणि हा माणूस गाण्यातला नाही असं एका नजरेत ठरवलं. उल्काचं नशीब अशा टाळक्यावर अवलंबून असावं, याचा त्यांना संताप आला.

मग सुरू झालं. पोरं आली, धूर सोडला. बाहेर सगळ्या दिल्लीभर धूर, आणि हे यंत्रानं आणखी सोडतायत! देवस्थळींनी ओठ घट्ट मिटले. डाव्या कोपऱ्यात विश्वनाथ नावाचा मुलगा कीबोर्ड आणि लॅपटॉप घेऊन बसला होता. तो लॅपटॉप बघूनच देवस्थळींचे कान टवकारले. उल्का काळ्या कुर्त्यात आली. बारीक झाली होती. मुंडी खाली घालून तिनं गायला सुरुवात केली, आणि देवस्थळींच्या कपाळावर आठी आली.

हा तिचा आवाज नव्हे. घोगरा, खालच्या पट्टीतला, कडा खरवडलेला. 'यंत्रातून काढलाय,' त्यांनी मनात निकाल दिला. 'हल्ली फॅशन आहे. चांगला गळा घ्यायचा आणि त्यावर गंज चढवून विकायचा. सगळं भरून ठेवलंय त्या डबड्यात. ही नुसती तोंड हलवतेय. माझी पोरगी! माझ्या शेजारी बसून तो ऑर्केस्ट्रा बघितलेली!'

दुसरं गाणं तसंच. तिसरं त्याहून वाईट. एका ठिकाणी आवाज फाटला, तर देवस्थळी मनात म्हणाले, 'फाटल्यासारखंसुद्धा भरून ठेवलंय, वा रे पठ्ठे!' वन्स मोर अगदी टाळूपर्यंत आला होता. एक हाक मारली असती तर पितळ उघडं पडलं असतं. त्यांनी तो गिळला. वासंतीबाईंनी हात दाबून धरलेला होताच. शपथ म्हणजे शपथ. स्वतःच्या या मोठेपणाचं त्यांना जरा कौतुकही वाटलं.

हॉटेलवाला मोबाइलवर काहीतरी टाइप करत होता. एकदा त्यानं जांभई दिली. उल्कानं ती पाहिली असणार.

चौथ्या गाण्याआधी दिवे मंद केले. उल्का माईकजवळ आली. "हे माझ्या घरच्या भाषेतलं गाणं आहे," ती हिंदीत हळूच म्हणाली. "मीच लिहिलंय." केस तोंडावर आलेले, माईक ओठाला लावलेला. वाद्य एकही नाही. नुसता आवाज उठला.

*दार लोटून ठेव, कडी लावू नको,
मी येईन परत, वाट पाहू नको...*

आणि तो आवाज तिचा होता. स्वच्छ, मोकळा, वर जाताना जराही न कचरणारा. ज्या निषादाला देवस्थळींनी आयुष्यभर उतरला उतरला म्हटलं, तो निषाद जिथे असायला हवा बरोबर तिथे लागला. 'लावू नको'नंतर तिनं श्वास घेतला, लहानपणी घ्यायची तसाच, अर्धा. पोहायला शिकताना पाण्यातून डोकं वर काढून घ्यायची तसा. देवस्थळींना तो श्वास ऐकू आला, आणि त्यांच्या मनातली सगळी भांडणं कुठल्या कुठे गेली.

'आली! आता आली! फेकून दिलं तिनं ते यंत्र! यंत्र श्वास घेत नाही. ही माझी पोर गातेय, खरी गातेय.' वाद्यं मागून आली, गेली, त्यांना कळलीही नाहीत. त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. कार्यक्रमांना शिव्या देत ते इतकी वर्षं जात होते ते याच्यासाठी. कधीतरी असं व्हावं म्हणून. आणि झालं ते कुणाच्या गळ्यातून? गाणं संपलं तेव्हा हॉटेलवाल्यानं मोबाइल खाली ठेवला होता.

देवस्थळी उभे राहिले. हात सोडवून घेतला. आणि छाती फुटेल एवढ्या मोठ्यानं ओरडले, "वन्स मोर!"

शपथ वगैरे काही आठवलं नाही. खरं सांगायचं तर तो वन्स मोर त्यांनी उच्चारलाच नाही, तो निघाला. कैक वर्षांत पहिल्यांदा कसल्याही डावाशिवाय निघाला. पण मंडळाच्या दोन ओळींना वर्षानुवर्षांची सवय. देवस्थळी उठले की आपण उठायचं. "वन्स मोर! वन्स मोर!" म्हातारे-म्हाताऱ्या मास्क खाली करून ओरडायला लागल्या. मागची तरुण पोरं कशाला मागे राहतील? त्यांनी टाळ्यांच्या ठेक्यावर धरलं. सगळा चौक वन्स मोर, वन्स मोर! हॉटेलवाला हसत मागे वळला आणि त्यानं मंचाकडे बघून एक बोट वर केलं, की होऊन जाऊ दे अजून एकदा.

उल्का देवस्थळींकडे बघत होती. त्यांना वाटलं, भारावलीय. त्यांनी दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळ्या वाजवल्या. तिनं मान हलवली, नाही म्हणून. त्यांना वाटलं, लाजतेय. मग तिनं पाठ फिरवली, खाली ठेवलेली पाण्याची बाटली उचलली आणि तोंडाला लावली.

कोपऱ्यात विश्वनाथ घामाघूम झाला होता. समोर गर्दीचा कल्लोळ, हॉटेलवाल्याचं ते बोट. त्याला वाटलं, उल्का तयार आहे. का त्याला काहीच वाटलं नाही, देव जाणे. त्यानं लॅपटॉपवर बोट दाबलं.

*दार लोटून ठेव, कडी लावू नको...*

आवाज उठला. तोच. स्वच्छ, मोकळा, तसूभरही न बदललेला. आणि उल्काच्या तोंडाला बाटली होती. ती गर्रकन वळली तेव्हा पाणी हनुवटीवरून कुर्त्यावर सांडत होतं, आणि तिचाच आवाज डोक्यावरच्या स्पीकरमधून 'कडी लावू नको' म्हणून अर्धा श्वास घेत होता.

आधी कुणीतरी एकच हसलं. मग सगळे. मोबाइल वर गेले. विश्वनाथनं धडपडत ते बंद केलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. आता तीच तरुण पोरं, तोच ठेका: "वन्स मोर! वन्स मोर!" पण आता दात काढून. उल्कानं माईक घेतला आणि पुढचं गाणं सुरू केलं. घोगऱ्या, फाटलेल्या आवाजात. कुणी ऐकलं नाही. दुसऱ्या कडव्यात निळा कोट उठला, बरोबरच्या दोघांशी काहीतरी बोलला आणि तिघं पार्किंगच्या बाजूला गेले. गाणं तिनं पुरं केलं.

देवस्थळी उभेच होते. खाली कसं बसायचं ते त्यांना कळेना.

मंचामागे बँडची व्हॅन लावलेली होती. देवस्थळी जवळजवळ धावतच तिथे पोचले, मागून वासंतीबाई. पोरं वायरी गुंडाळत होती, कुणी वर बघेना. उल्का व्हॅनच्या पायरीवर बसली होती. ती बोलली, आणि देवस्थळी होते तिथेच थांबले. आवाज नव्हताच. नुसती हवा, त्यात खरखर.

"झालं समाधान?"

"उल्का, अगं..."

"डॉक्टर म्हणाले होते, गाऊ नकोस. चार दिवस गळा पार बसलाय. बाकीची सगळी गाणी मी खरवडून गायले, बाबा. रक्त येईल असं वाटत होतं. ते एकच वरचं होतं, ते निघेचना. म्हणून ते एक रेकॉर्डिंग लावलं. एकच." ती खोकली. "आणि तुम्ही बरोब्बर तेच धरलंत."

जी गाणी त्यांनी मनात खोटी ठरवली ती खरी होती. जे खरं म्हणून ते रडले ते डबड्यातलं होतं. देवस्थळींना हे कळलं, आणि कळून काही उपयोग नाही हेही त्याच क्षणी कळलं.

"मला कळलं नाही गं," ते म्हणाले. "खरंच नाही कळलं. मला वाटलं, तू गातेयस. आवडलं मला. आवडलं म्हणून ओरडलो."

"आवडलं?" ती म्हणाली. "तुम्हाला? आजपर्यंत कधी काही आवडलंय माझं? शाळेत असल्यापासून एकदा तरी म्हणालात? आणि आजच आवडलं? नेमकं तेच गाणं? बाबा, प्लीज यार. करायचं ते केलंत, निदान खोटं तरी बोलू नका."

"वासंती, तू सांग हिला. मी रडत होतो. तू बघितलंस ना?"

वासंतीबाईंनी नवऱ्याकडे बघितलं नाही. त्या पदरानं मुलीचा कुर्ता पुसत होत्या. "मी स्टेजकडे बघत होते," त्या म्हणाल्या. "तुमचा हात धरला होता मी. तुम्ही सोडवून घेतलात."

तेवढ्यात बळवंतराव चिटणीस येऊन पोचले. मफलर सावरत, हसू दाबत. उल्का त्यांना पायरीवर दिसली नसावी, किंवा दिसली तरी राहवलं नसावं. त्यांनी देवस्थळींच्या पाठीवर दणका दिला.

"मान गये, भालचंद्रराव! पोटच्या पोरीलासुद्धा सोडलं नाहीत! त्या ऑर्केस्ट्राच्या वरताण केलीत आज. तीन गाणी गप्प बसलात, तेव्हाच मी म्हटलं, मांजर दबा धरून बसलंय. काय कान आहे! बिल्कुल चुकत नाही!"

हे वाक्य देवस्थळींना आयुष्यात सगळ्यांत प्रिय होतं. आज ते त्यांना ऐकवेना. त्यांनी बळवंतरावांचा हात झटकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "चुकला! माझा कान चुकला आज. मी फसलो. मला काही म्हणजे काहीसुद्धा कळलं नाही!"

वायरी गुंडाळणारी पोरं थांबली. बळवंतराव खो खो हसले.

"वा! आता पोरीची समजूत काढताय! बरोबर आहे, बाप आहात शेवटी."

देवस्थळी उल्काकडे वळले. "देवाशपथ सांगतो," ते म्हणाले, आणि म्हणताच त्यांना आठवलं, की एक शपथ या आठवड्यातच घेऊन झाली होती.

उल्का उठली. कुणीतरी तिच्या खांद्यावर शाल टाकली. व्हॅनच्या दारात ती थांबली, आणि तिच्यात होता नव्हता तेवढा आवाज गोळा करून बोलली. रागानं नव्हे. लहानपणी पाठांतर म्हणून दाखवायची तसं सपाट.

"तुमचा कान चुकत नाही, बाबा. मी तुमच्या शेजारीच बसले होते ना तेव्हा."

दार बंद झालं. व्हॅन धुरातून वळून मोठ्या रस्त्याला लागली. देवस्थळींनी आपल्या गाडीचं पुढचं दार उघडून धरलं. वासंतीबाई बसल्या त्या मागच्या सीटवर.